ओटीए चेन्नईला निघालोय: पेटीत काय भरावं, तोवर अंगाला काय सवय लावावी?

उचगावचा_पोरगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सीडीएसमधून (सैन्यात अधिकारी व्हायची यूपीएससीची परीक्षा) शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या, मेरिट लिस्टला नाव लागलं, मेडिकलही फिट निघालं. ऑक्टोबरात चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत हजर व्हायचंय. ट्रेनिंग ४९ आठवड्यांचं.

आमच्या भावकीत जवान पुष्कळ आहेत, अधिकारी अजून कुणी झालेला नाही. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यांचं ट्रेनिंग बेळगावच्या सेंटरवर झालेलं. ते म्हणतात, "रिक्रूटाची पेटी कशी भरायची ते मी डोळे झाकून सांगतो, पण कॅडेटांचं मी लांबनंच बघितलंय." म्हणून इथं विचारतोय.

घरात प्रत्येकजण आपापल्या परीनं तयारीला लागलाय. आईनं गांधीनगरातनं पांढऱ्या चादरी आणि टॉवेल आणलेत. मामा म्हणतोय मोठी पत्र्याची ट्रंक घे. दाजी म्हणतात आत्ताच चांगला सूट शिवून टाक, नंतर वेळ मिळणार नाही. जॉइनिंग इन्स्ट्रक्शनमधली यादी वाचून वाचून पाठ झालीय. पण यादीत किती नग ते कळतं, वस्तू कशी बघून घ्यावी ते कळत नाही.

तब्येतीचं म्हणाल तर रोज पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळतो. २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांच्या आत येतंय. जोर-बैठका लहानपणापासून तालमीत मारल्यात. पोहायला पंचगंगेत शिकलो. पाठीवर वजन घेऊन मात्र कधी पळालो नाही. आणि इंग्रजी वाचतो, लिहितो, पण चारचौघांत बोलायला उभारलो की वाक्य मधेच तुटतं.

जे जाऊन आलेत किंवा ज्यांच्या घरचं कुणी गेलंय, त्यांनी सविस्तर सांगा.

पेठेतला_डिफेंडर

अभिनंदन भावा! नाद खुळा बातमी. हवालदाराचा पोरगा लेफ्टनंट होणार, अख्ख्या उचगावात साखर वाटायला पाहिजे.

मला ट्रेनिंगमधलं काही कळत नाही, पण एक जीव तोडून सांगतो. आजपासनं फुटबॉल बंद. सराव नको, मॅच तर नकोच. आमच्या पेठेतला एकजण भरतीच्या तोंडावर तालीम संघाकडनं खेळायला उतरला आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. कुणी कितीही आग्रह केला तरी शाहू स्टेडियमला जायचं ते बघायला.

नागाळा_पार्क_कॅप्टन_नि

मनापासून अभिनंदन. मी ओटीएचीच. लष्करात वैद्यकीय शाखा सोडून इतर शाखांत मुली अधिकारी व्हायला लागल्या त्या १९९२ पासून आणि त्यांचं ट्रेनिंग याच अकॅडमीत सुरू झालं. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेले. इथून जाणारी मुलं-मुली भेटतात तेव्हा हेच बोलणं होतं, म्हणून जरा लांबण लावते.

आधी हे डोक्यात घे की गणवेश, बूट, पिट्ठू (पाठीवरची सॅक), पीटीचे कपडे हे सगळं तिथं मिळतं. काही इश्यू होतं, काहीचे पैसे कापून घेतात. घरून न्यायचं ते अंगाला थेट लागणारं, आणि पहिले काही आठवडे दुकानाचं तोंड बघायला मिळणार नाही म्हणून लागणारं. बाकी सगळं ओझं.

बनियन, अंडरवेअर, मोजे यादीत सांगितलेत त्याच्या दीडपट ने. कारण तू ऑक्टोबरात चाललायस. आपल्याकडं पाऊस उघडलेला असतो, चेन्नईत तेव्हाच ईशान्य मान्सून सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. सकाळची पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, संध्याकाळचे गेम्स, रात्रीचं मेसचं जेवण, प्रत्येक वेळी पोशाख वेगळा. धुतलेला कपडा वाळत नाही, आणि दमट बनियन-अंडरवेअर घालून पळालं की जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात नायटा उठलाच म्हणून समज. एकदा उठला की महिनाभर हटत नाही. सगळं सुती घे, नवीन असेल तर दोनदा धुऊन, वापरून ने. अँटीफंगल पावडर आणि मलम डॉक्टरांना विचारून सोबत ठेव. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मगच मोजा. वेळ नसला तरी.

ट्रंकेचं: पोचल्यावर आपलं सामान आपणच उचलायचं असतं, तेही चालत नव्हे, पळत. त्यामुळं भरलेली ट्रंक खांद्यावर घेऊन तुझ्या घराचा जिना चढून बघ. जमलं तर ठीक, नाहीतर ती ट्रंक मोठी आहे. मामांचा मान राखून मधल्या मापाची घे. कुलपं चांगल्या कंपनीची घे आणि प्रत्येकाच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेव.

भरताना वरच्या थरात पहिल्या रात्री आणि दुसऱ्या पहाटे लागणारं ठेव: दाढीचं सामान, टॉवेल, साबण, पांढरे मोजे, पीटी शूज, एक जोडी इस्त्रीचे कपडे, कुलूप, टॉर्च, काळा पक्क्या शाईचा मार्कर, सुई-दोरा. मार्कर अशासाठी की कपड्यांवर नंबर टाकायचा असतो आणि तो नंबर तुला तिथं गेल्यावरच कळणार. सुई-दोरा तर सगळ्यात कामाचा. शर्टाला बटण नाही असं फॉल-इनमध्ये, म्हणजे रांगेत उभं असताना, दिसलं की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, ठरलेला. आईकडून आत्ताच बटण लावायला, पॅंटची शिवण घालायला आणि शर्टाच्या बाहीला एकच धार काढून इस्त्री करायला शिकून घे. पेटीत न मावणारी तयारी ती हीच.

आणखी एक. मोबाइल सुरुवातीला जमा करून घेतात. घरचे नंबर कुणालाच पाठ नसतात हल्ली. एका छोट्या वहीत लिहून ने, थोडी आंतरदेशीय पत्रं पण ने. वडिलांना पत्राची सवय असेल, त्यांना बरं वाटेल.

काट्या-सुरीनं जेवायची सवय नसेल तर घरी रोज एक जेवण तसं जेव. मेसमध्ये वेळ थोडा असतो. सवय नसलेला कॅडेट अर्धपोटी उठतो आणि दुपारी ड्रिलला चक्कर येऊन पडतो.

कागल_ते_कारगिल

वरच्या प्रतिसादाला +१. पॅरासिटामॉल, क्रेप बँडेज, व्हॅसलीन, ओआरएसची पाकिटं ही चार बारकी पाकिटं विसरू नको. दाताचं दुखणं असेल तर इथंच उरकून जा, अक्कलदाढ ट्रेनिंगमध्ये उठली की फार हाल होतात.

टाकळीचा_सुभेदार

रामराम. पोरा, आधी तुझ्या वडलांना माझा रामराम सांग. मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. आमच्या गावाला नावच फौजेनं दिलंय. मी नोकरीत काही वर्षं अकॅडमीत ड्रिल उस्ताद होतो, म्हणून उस्तादाच्या बाजूनं दोन शब्द लिहितो.

बुटांचं आधी. यादीत काळे ऑक्सफर्ड असतील, ते आत्ताच घे, शेवटच्या आठवड्यात नको. कातड्याचेच घे. रेक्झिन घेतलं तर पॉलिश धरत नाही आणि आतनं घाम सुटतो. माप संध्याकाळी द्यायचं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि जो मोजा घालणार तोच घालून द्यायचं. अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा सुटली पाहिजे. मग रोज तासभर घरात घाल, मग गल्लीत, मग चढावर. टाचेला लाल व्हायला लागलं की तिथं कातडं ओलं करून हातानं दाबून मऊ करायचं. नवा करकरीत बूट घालून आलेला कॅडेट आम्हाला पहिल्याच दिवशी चालीवरनं कळायचा.

आता टोचं, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकाचं, पॉलिश. हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. जुन्या सुती बनियनचं फडकं घे, मऊ पाहिजे, शिवण नको. दोन बोटांवर ताणून गुंडाळ, मागं पीळ देऊन मुठीत धर, बोटांवर एकही सुरकुती राहता कामा नये. डबीतनं पॉलिश घेताना नुसतं टेकवायचं, खरवडायचं नाही. बुटाच्या टोवर बारीक बारीक गोल फिरवत जा, मोहरीएवढ्या गोलापासनं सुरू कर. पॉलिश धुरकट दिसायला लागलं की डबीच्या झाकणात घेतलेल्या पाण्याचा एक थेंब, आणि परत गोल. जोर लावायचा नाही. पहिले थर निव्वळ कातड्याची भोकं बुजवण्यात जातात, तेव्हा काहीच चमकत नाही आणि पोरं कंटाळून सोडतात. सोडायचं नाही. थरावर थर बसत गेले की एकदम उजेड दिसायला लागतो. टो आणि टाच एवढंच असं करायचं. जिथं बूट दुमडतो तिथं जाड थर दिला तर तडकतो, तिथं ब्रशच. हे घरी शिकून गेलास तर तिथं रात्रीची अर्धा तास झोप वाचेल, आणि तिथं अर्धा तास झोप म्हणजे काय ते तुला लवकरच कळेल.

दुसरी गोष्ट मनातली आहे. तुझे वडील हवालदार. तिथं तुला ड्रिल आणि पीटी शिकवणारा उस्ताद हवालदारच असणार. तो तुला "साब" म्हणेल, आणि साब म्हणूनच उन्हात उभा करेल, रोल मारायला लावेल. काही कॅडेटांच्या डोक्यात पहिल्याच महिन्यात हवा जाते की उद्या हा आपल्याला सॅल्यूट मारणार. उस्ताद तसल्याला बरोबर ओळखतो, पण बोलत नाही. तुला तो उस्ताद कोण आहे ते घरीच बघून माहीत आहे. तो पहाटे तुझ्या आधी उठून आलेला असतो. त्याचंही पोर कुठंतरी गावाकडं शाळेत जातंय. हे ज्याला न सांगता कळतं, त्याच्या मागं पुढं जवान पळतात. भावकीत अधिकारी नाही म्हणून कमीपणा घेऊ नको. तुझ्याकडं जे आहे ते कर्नलच्या पोराकडंही नसतंय.

आणि अधिकारी आपल्या जिल्ह्यात नाहीत असं थोडंच आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरचेच, १९५७ ते १९६१ पूर्व कमांड त्यांच्या हाताखाली होती.

उचगावचा_पोरगा

सुभेदार साहेब, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांनी तुम्हाला रामराम सांगितलाय आणि विचारलंय की तुमची पलटण कुठली.

कॅप्टन मॅडम, ट्रंक घेऊन जिना चढून बघितला. मामाची ट्रंक रद्द.

शाहूपुरी_फिजिओ

सैन्यात जाणाऱ्या मुलांची नडगी बघण्यात माझा बराच वेळ जातो, त्यामुळं लिहायलाच हवं.

ट्रेनिंगमधून मागं पडण्याचं एक मोठं कारण दमछाक नसतं, हाड असतं. फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूही होतात, हाडाला मात्र नव्या भाराची सवय व्हायला महिने लागतात. मुलगा जोशात येऊन रोजचं अंतर एकदम दुप्पट करतो, आधी नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो, तो दाबून पळतो आणि मग स्ट्रेस फ्रॅक्चर. तिथं तसं झालं आणि दिवस बुडाले की रेलिगेशन, म्हणजे पुढच्या बॅचबरोबर परत. म्हणून आठवड्याचं अंतर एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, हा धावपटूंचा जुना संकेत पाळ. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती. विद्यापीठात कडेच्या मातीवरनं पळ, डांबर आणि काँक्रीट कमी.

वजनाचं: पिट्ठू घेऊन थेट पळू नकोस. आधी चाल. पाच किलोपासून सुरू कर, सॅक पाठीला घट्ट चिकटलेली पाहिजे, जड वस्तू वरच्या बाजूला आणि पाठीलगत. वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंतचा चढ यासाठी उत्तम. उतरताना घाई नको, गुडघ्याचं नुकसान उतारावर होतं. पन्हाळा-पावनखिंड पदभ्रमंती केली असशील तर लांब चालताना पायाला कुठं फोड येतात ते तुला ठाऊक असेल, तिथंच आधी टेप लावायची.

तालमीत आहेस हे फार चांगलं. दोर चढायचा सराव ठेव, कारण तिथल्या चाचणीत दोर आहे: बीपीईटीत (लष्कराची लढाऊ शारीरिक क्षमतेची चाचणी) पाठीवर सामान आणि रायफल घेऊन ५ किलोमीटरची दौड, उभा दोर, आडवा दोर, ९ फुटांचा खड्डा ओलांडायचा. जोर मारता म्हणून पुश-अप येतीलच असं धरून चालू नकोस. जोरात अंग कमानीतून जातं, पुश-अपमध्ये पाठ फळीसारखी सरळ लागते आणि पोट घट्ट. वेगळा सराव कर. लष्कराच्या टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सच्या अलीकडच्या जाहिरातींत २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुश-अप, ६ पुल-अप, ३० सिट-अप आणि पोहण्याची जुजबी माहिती एवढी अपेक्षा लिहिलेली असते. तुझी शाखा वेगळी असली तरी तेवढं आजच येत असेल तर तू बऱ्या जागी आहेस. पुल-अप सगळ्यांचे कमी पडतात, तिकडं लक्ष दे.

चेन्नईच्या उकाड्याबद्दल: शरीराला दमट उष्ण हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, त्याला औषध नाही. निघण्याआधीच्या पंधरवड्यात अधूनमधून पहाटेऐवजी दुपारी चारच्या उन्हात हलकं पळ, पाणी सोबत ठेवून. आणि शेवटचा आठवडा निम्मा सराव. ताजा होऊन जा.

गडहिंग्लजची_आई

सगळ्यांना नमस्कार. माझ्या मुलीची एनसीसी स्पेशल एंट्रीतून निवड झालीय, तीही चेन्नईलाच जाणार. कॅप्टन ताई, मुलींसाठी वेगळं काय न्यावं ते मोकळेपणानं सांगाल का? आणि मी डिंकाचे लाडू, मेतकूट, चटणी असं बांधून देऊ का? ती काही बोलत नाही, पण इथं तिला रात्री दूध प्यायची सवय आहे. मला तिची खाण्याचीच काळजी लागलीय.

नागाळा_पार्क_कॅप्टन_नि

ताई, आधी तुमचं अभिनंदन.

लाडू जरूर करा, पण रेल्वेत संपतील एवढेच. खोलीत खाण्याचं सापडलं तर त्याची शिक्षा तिला एकटीला होत नाही, सगळ्यांना होते, आणि तो डाग पुसायला वेळ लागतो. जेवणाची काळजी सोडा. मेसमध्ये पोटभर आणि चांगलं मिळतं. खायला वेळ काढता आला पाहिजे एवढंच. त्याआधी हे दोन महिने तिला घरचं भरपूर खायला घाला, आणि हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम या तपासण्या आत्ताच करून घ्या. कमी असेल तर डॉक्टरांकडून उपचार आत्ताच सुरू होऊ देत. मुलींमध्ये कंबरेच्या आणि नडगीच्या हाडाचे स्ट्रेस फ्रॅक्चर जास्त होतात, वर फिजिओंनी लिहिलंय ते तिला शब्दन् शब्द वाचायला द्या.

न्यायच्या गोष्टी: चांगल्या, घट्ट बसणाऱ्या स्पोर्ट्स ब्रा, स्वस्तातल्या अजिबात नको, आणि पळून बघितलेल्याच. सॅनिटरी पॅड पहिल्या दोन-तीन महिन्यांचे सोबत असू देत, तिच्या नेहमीच्याच कंपनीचे. पाळीत दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चिठ्ठीसकट. केसांचा नियम जॉइनिंगच्या पत्रात लिहिलेला असतो, तो बघून इथंच ओळखीच्या ठिकाणी कापून घेतले तर मनाला सोपं जातं. दागिने घरी. कानातलंसुद्धा.

आणि ताई, पहिल्या फोनवर ती रडली तर "परत ये" म्हणू नका. ऐकून घ्या, जेवलीस का विचारा, आणि घरातलं काहीतरी साधं सांगा. माझी आई मला गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं सांगायची. मला त्यावर आठवडा निघायचा.

मापात_माया

मी कपडे शिवतो, महाद्वार रोडच्या बाजूला. सुटाबद्दल एक व्यवसायातला सल्ला देतो, गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल: दाजींना सांगा, आत्ता भारी सूट शिवू नका. ट्रेनिंगला गेलेल्या पोराचं माप परत येताना बदललेलं असतं. कमर उतरते, छाती आणि खांदे भरतात, मान जाड होते. ब्लेझर, टाय, मेसचे कपडे कसे लागतात ते अकॅडमी सांगते, तिथं शिवून मिळण्याची सोयही असते.

यादीत नेण्यासाठी जेवढं लिहिलंय तेवढंच शिवा: साधे पांढरे पूर्ण बाहीचे शर्ट, गडद पॅंट. शिंप्याला सांगा की पॅंटच्या मागच्या शिवणीत आणि बाजूला दोन-दोन बोटं माया ठेव. उद्या कमर आत घ्यायची किंवा सोडायची झाली तर कापड असलं पाहिजे. कापड टेरीकॉट घ्या, निव्वळ सुती पॅंटची क्रीज दमट हवेत तासभरही टिकत नाही. शर्टाला कॉलर कडक, बटणं चार भोकांची आणि दोरा दुहेरी. चार बटणं जादाची पाकिटात घालून न्या.

आजऱ्याचा_मास्तर

इंग्रजीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी आयुष्यभर मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. तुझ्यासारखी पोरं व्याकरणात चुकत नाहीत, ती मनात मराठी वाक्य आधी पूर्ण करतात आणि मग त्याचं भाषांतर करत उभी राहतात. तिथं वर्ग इंग्रजीत, ब्रीफिंग इंग्रजीत, उस्तादांची बोली हिंदी. दोन्हीची तयारी लागेल.

उपाय साधा आहे. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाच. मग पेपर उलटा ठेवून तीच बातमी दोन मिनिटं, उभं राहून, आरशात नव्हे तर घरच्यांसमोर सांग. वडिलांना इंग्रजी कमी कळत असेल तरी समोर बसव. त्यांनी फौजेत शेकडो ब्रीफिंग ऐकलेली आहेत, तू कुठं चाचरलास ते त्यांना बरोबर कळेल. वाक्यं लहान ठेव. लष्करी आज्ञा आणि आदेश लहानच वाक्यांत असतात, तीच तिथली शैली आहे. उच्चाराची लाज सोड. बंगाली, मल्याळी, पंजाबी पोरं आपापल्या सुरातच बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही.

उचगावचा_पोरगा

मास्तर, आज सुरू केलं. वडील खुर्ची घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "आवाज मागच्या रांगेपर्यंत येऊ दे."

आता दोनच शंका राहिल्यात. कागदपत्रं आणि पैसे. बाँड स्टॅम्प पेपरवर करायचा आहे, पदवीचं प्रमाणपत्र अजून हातात नाही. आणि खात्यात किती ठेवून जाऊ?

नागाळा_पार्क_कॅप्टन_नि

कागदांना ट्रंकेत घालू नकोस. वेगळी कडक फाइल, हातातल्या सॅकमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण पाऊस. मूळ प्रती एका कप्प्यात, साक्षांकित झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्यात, पासपोर्ट आकाराचे फोटो भरपूर. दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा तेच), बारावी, पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, एनसीसीचं असेल तर ते. बाँडचा मजकूर पत्रासोबत जसा दिलाय तसाच्या तसा, एक शब्द इकडंतिकडं न करता टाइप करून घे. किती रुपयांचा स्टॅम्प, कुणाची सही, साक्षीदार किती, हे पत्रातच असतं. टायपिस्टच्या सवयीवर सोडू नकोस. नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्यावर आहे तेच सगळीकडं पाहिजे, वडिलांच्या नावासकट. आडनावात एक अक्षर जरी वेगळं असलं तर प्रतिज्ञापत्र इथंच करून घे.

पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाची वाट बघू नकोस. विद्यापीठात अर्ज करून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढ, आणि हे काम उद्याच सुरू कर. सगळ्यात जास्त पळापळ याच कागदाची होते.

पैशांचं: ट्रेनिंगमध्ये महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड आहे, पण मेस, कपडे आणि बाकीची कपात होऊन उरतं ते बरंच कमी असतं, आणि पहिलं जमा व्हायलाही वेळ जाऊ शकतो. पत्रात जेवढी रक्कम सोबत ठेवायला सांगितलीय तेवढी खात्यात ठेव, वर थोडी रोख. कर्ज काढून खरेदी करू नका. नेट बँकिंग चालू असू दे आणि घरच्या कुणाला तरी खात्याची माहिती असू दे.

आणि एक राहिलं. ज्या मैदानावर सुभेदार साहेबांसारखे उस्ताद तुला घासून काढतील, त्या ड्रिल स्क्वेअरला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव आहे. ते याच अकॅडमीतून गेलेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि शेवटपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र. जाण्याआधी त्यांच्याबद्दल वाचून जा. आपण कुणाच्या जागेवर उभे आहोत ते माहीत असावं.

मिरज_जंक्शन

प्रवासाचं मी सांगतो. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेस तिरुपतीला जाते, मिरज-बेळगाव-हुबळी-गुंटकल मार्गे. रेणिगुंट्याला उतरलं की चेन्नईच्या गाड्या भरपूर आहेत, काही तासांचाच प्रवास राहतो. ट्रंक घेऊन गाडी बदलायचा त्रास नको असेल तर पुण्याहून थेट चेन्नईची गाडी धर. काही झालं तरी एक दिवस आधी पोचायचं तिकीट काढ. त्या दिवसांत तिकडं पाऊस असतो, गाडी चार तास उशिरा आली तर हजर व्हायची वेळ चुकायला नको. अकॅडमी सेंट थॉमस माउंट भागात आहे. स्टेशनवर कुणाला रिपोर्ट करायचं ते पत्रात असतं. आदल्या रात्री नीट झोप, दाढी, केस बारीक, इस्त्रीचे कपडे, मगच गेटवर जा.

टाकळीचा_सुभेदार

वडलांनी पलटण विचारली ती इथं लिहीत नाही, फोनवर सांगतो. त्यांना म्हणावं, पोराला सोडायला स्टेशनवर जाऊ नका, चेन्नईपर्यंत पण जाऊ नका. ते पैसे राखून ठेवा आणि पासिंग आउटला जोडीनं जा. तिथं आई-वडलांनाच मुलाच्या खांद्यावर तारे लावायला मिळतात.

राधानगरी_सीडीएस

धागा वाचून अंगावर काटा आला. सगळ्यांचे आभार. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, सीडीएस द्यायचीय. पुण्यातल्या क्लासची फी परवडत नाही. उचगावकर दादा, तुम्ही तयारी कुठं केलीत? दुसरा काही मार्ग आहे का?

उचगावचा_पोरगा

भावा, आहे की. नाशिक रोडला राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएसच्या लेखी परीक्षेची आणि एसएसबीची (त्यानंतरची निवड मंडळाची मुलाखत) तयारी तिथं करून घेतात, राहणं-जेवण-शिकवणं मोफत. प्रवेशासाठी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखत होते, तिथं जाऊन पुढच्या सत्राची तारीख विचार आणि अर्ज आणि सोबतच्या याद्यांची माहिती घे. सोबत मूळ कागद आणि झेरॉक्स ने. गणित आणि इंग्रजीचे मागचे पेपर मी जमवून ठेवलेत, निघण्याआधी तुला देतो. दसरा चौकात भेटू, रविवारी सकाळी दहा वाजता चालेल का ते कळव.